पाच वर्षांचा मुक्काम

मी पीएच.डी.साठी लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा पहिले काही दिवस सरांनी मला एकही रिॲक्शन लावू दिली नाही. मागच्या खोलीतल्या कपाटांमधल्या कुप्या रजिस्टरशी ताडून बघायचं काम दिलं. प्रत्येक कुपीत चिमूट-दोन चिमूट पावडर. कुठे पांढरी, कुठे पिवळी, कुठे काळपट पडत चाललेली. चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेला क्रमांक आणि क्रमांकाआधी, ज्याने ते कम्पाउंड बनवलं त्याच्या नावाची आद्याक्षरं. त्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. कुणी हैदराबादला कंपनीत होतं, कुणी अंबरनाथला, कुणी तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होतं. अक्षरं तेवढी इथे राहिली होती.

आमचा विषय औषधी रसायनशास्त्र, आणि त्यातही क्षयरोग. घाटमाथ्यावरच्या एका राज्य विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग, त्यात पहिल्या मजल्यावर आमची लॅब. नातेवाईक विचारायचे, "मग कधी येणार तुमचं औषध बाजारात?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी पंचाईत व्हायची. नव्या रेणूची गोळी होऊन ती दुकानात यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, आणि तीही हजारोंमधल्या एखाद्याच रेणूच्या बाबतीत. संशोधक विद्यार्थी मात्र लॅबमध्ये पाच वर्षं असतो, रखडला तर सहा. जो सुरुवात करतो तो शेवट बघत नाही. मग हे पाच-पाच वर्षांचे तुकडे एकमेकांना जोडून कोण ठेवतं? त्या माणसांबद्दल लिहावं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

सर मुळात कमी बोलणारे. पण आयसोनियाझिडची हकिकत ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचे. क्षयावरचं हे औषध आजही पहिल्या फळीतलं आहे. १९१२ साली प्रागच्या जर्मन विद्यापीठात हान्स मेयर आणि त्यांचा विद्यार्थी योसेफ मॅली यांनी हा रेणू पहिल्यांदा बनवला. ते मॅलीच्या डॉक्टरेटचं काम होतं आणि क्षयाशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो रेणू छापील पानावर पडून राहिला. त्या चाळीस वर्षांत क्षयाने किती माणसं नेली याचा विचार केला की आजही माझ्या पोटात कालवतं. १९५१-५२ च्या सुमारास रोश, स्क्विब आणि बायर या तिन्ही कंपन्यांतले रसायनज्ञ आपापल्या वाटेने त्याच्यापाशी पोचले. रोशमधले हर्बर्ट फॉक्स तर वेगळंच काही बनवायला निघाले होते आणि आयसोनियाझिड ही त्यांच्या वाटेवरची मधली पायरी होती. ती मधली पायरीही त्यांनी तपासणीला पाठवली आणि तीच सरस निघाली. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते रुग्णांना देऊन बघितलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं उठून जेवायला लागली. त्या रुग्णालयातल्या क्षयाच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं राबलेल्या बहुतेक परिचारिका कृष्णवर्णीय होत्या. गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भीतीने नोकऱ्या सोडून गेल्या, तेव्हा त्या आल्या होत्या. सर हे सांगायला कधी विसरायचे नाहीत.

या हकिकतीतून आमच्या लॅबचे दोन नियम आले होते. मधल्या पायरीचं कम्पाउंडसुद्धा कुपीत भरून, क्रमांक घालून तपासणीला जाणार. आणि वहीतलं काहीही पुसायचं नाही. वही शाईने लिहायची, पान फाडायचं नाही, फसलेली रिॲक्शन जमलेल्या रिॲक्शनइतक्याच नीटपणे लिहायची. काळं चिकट डांबर हाती आलं तर "काळं चिकट डांबर" असंच लिहायचं. "मॅलीने लिहून ठेवलं नसतं तर?" एवढंच सर विचारायचे.

सरांइतकीच लॅब ज्यांच्यावर चालायची ते आमचे मामा. हुद्द्याने प्रयोगशाळा परिचर. विभागातले सगळे, अगदी विभागप्रमुखसुद्धा, त्यांना मामाच म्हणायचे. शिक्षण नववीपर्यंत, पण लॅबमध्ये त्यांची नोकरी सरांपेक्षा जुनी. रिॲक्शन रिफ्लक्सला लावली की कंडेन्सरमधून सतत पाणी वाहायला लागतं, आणि आमच्या इमारतीचं पाणी संध्याकाळी कधीही जायचं. पाणी गेलं की सॉल्व्हंट उडून जातो, आणि ईथरसारखा सॉल्व्हंट असला तर आग लागायची भीती. मामांनी एक मोठा प्लॅस्टिकचा टब, कूलरमधला छोटा पंप आणि नळ्या जोडून फिरत्या पाण्याची सोय केलेली होती. घरी निघताना ते प्रत्येक टेबलापाशी थांबून नळ्यांची तोंडं दाबून बघायचे. कुणाची सैल असेल तर तार आवळून द्यायचे. त्यांनी कुणाला त्यावरून बोल लावलेला मी ऐकला नाही.

त्यांच्या स्मरणशक्तीचा मला आलेला अनुभव सविस्तर सांगायला हवा.

माझ्या आधीच्या एका दादाने एक मालिका अर्धवट सोडली होती. तपासणीत तिच्यातली दोन-तीन कम्पाउंड्स थोडीफार आशा दाखवत होती, म्हणून सरांनी ती माझ्याकडे दिली. पहिल्या पायऱ्या वहीत लिहिल्याप्रमाणे जमल्या. चौथ्या पायरीवर मात्र गाडं अडलं. वहीत लिहिलं होतं: दोन घटक इथेनॉलमध्ये घ्यायचे, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे, खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळत ठेवायचं. यील्ड सत्तर टक्क्यांच्या वर. मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांत दाखवणारी टीएलसी मी मारली की दोन ठिपके यायचे. हवा असलेला वरचा ठिपका फिकट, आणि खाली एक जाड, शेपूट ओढत गेलेला. खालचा काढून बघितला तर तो भलताच रेणू निघाला. हवं असलेलं कम्पाउंड तयार होऊन पुढे आपणच कडं बंद करून बसत होतं. मी सॉल्व्हंट कोरडा केला, ॲसिडचे थेंब कमी केले, बाटली बदलली. ठिपके दोनच.

दादाला फोन केला. तो हैदराबादला एका कंपनीत लागला होता. त्याने आपुलकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, माझी तर पहिल्याच झटक्यात झाली होती. काही वेगळं केल्याचं आठवत नाही."

मी हे लॅबमधल्या सीनियर ताईला सांगत होते तेव्हा मामा शेजारी बेसिनपाशी होते. ॲसिटिक ॲसिडचं नाव ऐकून ते वळले. "त्या पोराची रिॲक्शन म्हणता व्हय? त्या सालाला लई गारठा व्हता. तुमच्या त्या ॲसिडची बाटली पार धोंड्यावानी गोठली व्हती. रोज सकाळी गरम पाण्याच्या बादलीत ठिवायचो म्या, तवा कुठं थेंब सुटायचा."

ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १६.६ अंश सेल्सियसला गोठतं. मी वही उघडली. तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली होती. मी ती रिॲक्शन लावत होते एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, जिथे दुपारी पारा पस्तिशीच्या वर जायचा आणि रात्रीही फारसा उतरायचा नाही. दादाची रिॲक्शन रात्रभर पंधरा अंशांच्या खालीच ढवळली गेली होती, म्हणून ती पुढे सरकून कडं बंद करू शकली नव्हती.

त्या रात्री आम्ही टबमध्ये पाणी आणि बर्फ घालून, थर्मामीटर लावून तापमान पंधराच्या आसपास धरून ठेवलं. ताई आणि मी आळीपाळीने बर्फ टाकत होतो. सकाळी टीएलसीवर एकच ठिपका होता. मी मामांना यूव्ही दिव्याखाली प्लेट धरून दाखवली. हिरव्या उजेडात तो एकटा गडद ठिपका बघून ते म्हणाले, "आता झालं न्हवं?" आणि झाडू घ्यायला गेले. माझ्या प्रबंधात त्या पायरीचं तापमान अंशांत लिहिलेलं आहे. ते आकडे मामांचे आहेत, असं ऋणनिर्देशात मी स्वच्छ लिहिलं.

ही ताई माझ्यापेक्षा दोन वर्षं सीनियर. बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. सकाळी शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, दुपारी एकला लॅबमध्ये यायची आणि रात्री दहाच्या पुढे निघायची. तासिकेचे पैसे सहा-सहा महिने यायचे नाहीत. फेलोशिपची रक्कमही अशीच तुंबायची. कुठल्या तरी टेबलावर कुठला तरी कागद अडकलेला असायचा. मेसचं बिल थकलं की मेसवाल्या मावशी काही बोलायच्या नाहीत, पण आम्हालाच वाढून घ्यायला लाज वाटायची. नव्या औषधांच्या आणि आत्मनिर्भरतेच्या गोष्टी मोठ्या व्यासपीठांवरून ऐकते, तेव्हा मला ताईचा चेहरा आठवतो. ज्या हातांनी हे काम व्हायचं त्यांना दर महिन्याला वेळेवर पैसे देणं इतकं अवघड का असावं, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि तरीही कम्पाउंड शुद्ध करायचा कॉलम कसा भरावा हे मला ताईनेच शिकवलं. सिलिका हळूहळू ओतायची, रबराच्या नळीने काचेला बाहेरून टिचक्या मारत बसवायची, मध्ये हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. पुस्तकात हे दीड ओळीत असतं. ताईच्या हाताकडे बघत शिकायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

स्टोअरच्या भाऊसाहेबांबद्दल थोडक्यात सांगते. प्रत्येक खरेदीला तीन कोटेशनं, मार्चअखेर, ॲब्सोल्यूट अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि त्याचं मिलिलिटरपर्यंतचं रजिस्टर, हे सगळं ते सांभाळायचे. बाहेरून ते अडवणूक करणारे वाटायचे. पण उष्णतेने खराब होणारं रसायन शनिवारी मालवाहतूकवाल्याकडे अडकलं, तर सुट्टीच्या दिवशी स्वतः स्कूटरवरून जाऊन ते फ्रीजमध्ये ठेवणारेही तेच होते.

ग्लास ब्लोइंगच्या चाचांपाशी मात्र थांबायला हवं, कारण त्यांची जागा आता भरलेली नाही. तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली होती. गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत, निळसर काचेचा चष्मा, भिंतीला टांगलेले जॉइंट. मोडलेला कंडेन्सर, चिरलेला फ्लास्क घेऊन आम्ही त्यांच्याकडे जायचो. एकदा मी गोल बुडाचा फ्लास्क नेला. बुडाला चांदणीसारखी बारीक भेग होती, नीट बघितल्याशिवाय दिसतही नव्हती. चाचांनी तो उजेडात फिरवला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग दुरुस्त न करता माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात आपटून फोडला. माझा जीव कळवळला, कारण नवा फ्लास्क मिळायला महिना लागायचा. ते म्हणाले, "बेटी, हा रोटाला लावला असतास तर व्हॅक्यूममध्ये तोंडावर फुटला असता. ठेवला असता तर उद्या कुणीतरी लावलाच असता." मग कपाटातून त्यांनी स्वतः जोडलेला एक जुना फ्लास्क काढून दिला. तो मी जाईपर्यंत वापरला. चाचा निवृत्त झाल्यावर ते पद रद्दच झालं. आता चिरलेली काच बाहेरगावी पाठवतात, किंवा टाकून देतात, किंवा कुणी तशीच वापरतं. या शेवटच्या शक्यतेची मला खरोखर भीती वाटते. मुंबई-पुण्यातही हे हुन्नर जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. ती तयार व्हायला दहा वर्षं लागतात आणि पद रद्द करायला एक सही पुरते.

रेणूची रचना तपासणारं एनएमआरचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुने पुण्याला जायचे. कुणी निघालं की त्याच्या पिशवीत कुप्यांचा डबा द्यायचा. तिथल्या यंत्रावर बसणाऱ्या गृहस्थांना आम्ही फक्त आवाजाने ओळखायचो. "तुमच्या सॅम्पलमध्ये इथाइल ॲसिटेट राहिलंय. ४.१२ ला बघा, २.०५ ला बघा. परत वाळवून पाठवा, मी रांगेत मध्ये घेतो." रोज शेकड्यांनी नमुने बघणारा माणूस परक्या विद्यापीठातल्या मुलीला स्वतःहून फोन करून हे सांगायचा.

आता मायक्रोच्या मॅडम. शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्या आमची कम्पाउंड्स क्षयाच्या जिवाणूवर तपासायच्या. रोग करणारा एच३७आरव्ही हा वाण हाताळायला विशेष बंदिस्त प्रयोगशाळा लागते, म्हणून पहिली चाळणी त्याच्या निरुपद्रवी भावंडावर, एच३७आरए वर व्हायची. दोघांचा मूळ पूर्वज एकच. १९०५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकच्या आरोग्यधामात एडवर्ड बाल्डविन या डॉक्टरांनी एका १९ वर्षांच्या रुग्णाच्या थुंकीतून तो वेगळा केला. १९३४ मध्ये त्याचे दोन वाण निराळे करण्यात आले. मॅडम म्हणायच्या, "जगभर क्षयाचं संशोधन त्या मुलाच्या छातीतून निघालेल्या जिवाणूवर चाललंय. प्लेट निष्काळजीपणे धरायची नाही."

हा जिवाणू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला जवळपास एक दिवस. त्यामुळे निकालाला आठवडा लागतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात कम्पाउंड घालायचं, जिवाणू सोडायचे, आणि शेवटी निळा रंग टाकायचा. जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. मेले असतील तर निळा निळाच राहतो. कडेच्या एका ओळीत आयसोनियाझिड असायचं, अगदी किंचित प्रमाणातही गर्द निळं. आमच्या ओळी बहुधा सगळ्या गुलाबी. किती सुंदर गुलाबी रंग असतो तो, आणि किती नकोसा झाला होता!

पंधरा अंशांवर बनवलेल्या त्या कम्पाउंडवरून पुढे केलेल्या एकाची ओळ एका सोमवारी निळी दिसली. चार खळगे सलग. मी ओरडलेच. मॅडमनी हात वर केला. "थांब गं. आधी कंट्रोल बघू दे." जिवाणू नसलेले खळगे, नुसतं कम्पाउंड आणि रंग असलेले खळगे, नुसता सॉल्व्हंट असलेले खळगे, सगळे त्यांनी एकेक करून वहीत मांडले. तुमचं कम्पाउंडच रंगाशी खेळत असेल तर जिवाणू जिवंत असूनही फसगत होते. तसं काही नव्हतं. तरीही त्यांनी कागदावर लिहून दिलं नाही. तीच तपासणी पुन्हा लावली, पुन्हा आठवडा गेला, पुन्हा निळं आलं. तेव्हा कुठे त्या हसल्या आणि शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी वडापाव आणवले.

त्यानंतरच्या बैठकीत एका नव्या मुलाने शंका काढली. रेणूचं वजन पाचशेच्या वर जातंय, १९९७ चा लिपिन्स्कीचा नियम मोडतोय, सोडून द्यायचा का? सर म्हणाले, "क्षयावरच्याच बेडाक्विलिनचं वजन ५५५ आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. नियम लक्षात ठेवा, पण जिवाणूलाही विचारा."

मग दुसऱ्या संस्थेकडून विषारीपणाचा अहवाल आला. ज्या प्रमाणात जिवाणू मरत होते, साधारण त्याच प्रमाणात माणसाच्या यकृताच्या पेशीही मरत होत्या. असं कम्पाउंड औषध होऊ शकत नाही. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी सरांनी अहवाल माझ्या वहीत चिकटवायला लावला, आणि रेणूचा कुठला भाग पेशींना नडत असावा यावर आम्ही दोघं फळ्यापाशी रात्री उशिरापर्यंत उभे राहिलो. नायट्रो गट काढून बघायचा ठरला. ते काम सुरू झालं आणि माझी मुदत संपली. प्रबंध झाला, शोधनिबंध छापून आला, मी कॉलेजात नोकरीला लागले. पुढचं कम्पाउंड दुसऱ्या कुणाच्या आद्याक्षरांनी बनलं.

मामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ताईला अखेर कायमची नोकरी लागली, तीही संशोधनाचीच.

सध्या ती मालिका सांभाळणाऱ्या मुलीचा मला गेल्या पावसाळ्यात फोन आला. मी तिला भेटलेले नाही. ती मला ताई म्हणते. नायट्रो काढल्यावर यकृताच्या पेशी पुष्कळ वाचतात, जिवाणूवरचा परिणाम थोडा उतरला असला तरी टिकून आहे, पण कम्पाउंड पाण्यात अजिबात विरघळत नाही. मी म्हटलं, हायड्रोक्लोराइड सॉल्ट करून बघ. ते तिने करून झालं होतं. बाटली उघडली की ओल ओढून घेतं आणि चिकट होतं. मग सायट्रेट कर, मी म्हटलं, आणि चिकट झालेलंही लिहून ठेव.

"लिहिलंय ताई," ती म्हणाली, "तारीख, तापमान आणि त्या दिवशीची हवेतली आर्द्रता, सगळं."

सायट्रेट करायला तिने घेतलं आहे. निकाल अजून यायचा आहे.